गाडी उंच, अक्कल ठेंगणी

गेल्या शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमधे एका शेजाऱ्याने मला गाठलं. नवीकोरी थार, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही, आणि गृहस्थांचा प्रश्न: "तुझ्या जिम्नीला लिफ्ट केलीय ना? मी तीन इंच करतोय. की चार करू?"

मी विचारलं, कशासाठी?

"कशासाठी म्हणजे? ऑफरोडिंगला लागतंच ना!"

कुठलं ऑफरोडिंग, कोणत्या रस्त्यावर, गाडीत कोण कोण बसणार, हे मात्र अजून ठरायचं होतं. म्हणजे आधी सोल्यूशन विकत घ्यायचं, मग त्याला शोभेल असा प्रॉब्लेम शोधायचा. आमच्या धंद्यात असे प्रोजेक्ट रोज बघायला मिळतात, पण ते निदान घाटातून चार माणसं घेऊन जात नाहीत.

त्याला उभ्या उभ्या वीस मिनिटं जे लेक्चर दिलं, ते इथे नीट लिहून काढतोय, म्हणजे पुढच्या वेळी घसा कोरडा करायला नको. आधीच कबूल करतो की हे शहाणपण जन्मजात नाही. तीन इंचांची लिफ्ट करून, पस्तावून, साठ हजारांच्या वर पैसे घालवून परत खाली आलेला माणूस मी आहे.

तर झालं असं. आईचं माहेर भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या मागच्या बाजूला. डांबरी सडक सोडली की वाडीपर्यंत शेवटचे तीन किलोमीटर कच्चे. उन्हाळ्यात तिथे कुठलीही गाडी जाते. पावसाळ्यात मात्र भाताच्या खाचरांत जाणारे ट्रॅक्टर वाटेवर अशा चाकोऱ्या पाडतात की आमची जुनी हॅचबॅक पोटावर बसायची. मग आई दोन किलोमीटर चिखलातून चालत जायची. गुडघे दुखायला लागल्यावर तेही बंद झालं. २०२३मधे पाच दारांची जिम्नी आली तेव्हा दिवाळीला ती घेतली, ती या एका कारणासाठी. बाकी ट्रेक, कॅम्पिंग वगैरे बायकोला पटवण्यासाठी सांगितलेल्या गोष्टी :-)

गाडी आहे तशी उत्तम चालली. पण आम्ही चौघं, सामान, आणि येताना मामाने दिलेलं तांदळाचं पोतं असलं की मागून बसायची, आणि उंचवट्यावर पोट घासायचं. दोन-तीनदा खर्रकन आवाज झाला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. पुण्यातल्या एका दुकानात गेलो. त्यांनी एकही प्रश्न न विचारता तीन इंचांचे स्पेसर सुचवले. मग गाडी "रिकामी दिसते" म्हणून लोखंडी बंपर. मग टपावर कॅरिअर. मग जाड टायर, कारण उंच गाडीवर मूळचे टायर "सायकलसारखे दिसतात". मी सगळ्याला मान डोलावली. फोटो झकास आले.

त्यानंतर खेड शिवापूर आणि कापूरहोळच्या मधे एक दुचाकीवाला उलट्या दिशेने समोर आला. वेग सत्तरच्या आसपास. मी स्टिअरिंग डावीकडे मारलं आणि परत सरळ केलं. गाडी डावीकडे गेली, परत आली, आणि मग स्वतःच्या मनाने आणखी एकदा झुकली. काही झालं नाही. कोणालाही ओरखडा नाही. पण मागच्या सीटवर लेक रडायला लागली आणि बायको कापूरहोळ येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिथे चहाला थांबल्यावर एवढंच म्हणाली, "ही गाडी आधी अशी करत नव्हती."

बरोबर आहे. आधी करत नव्हती. मी तिला तसं करायला लावलं होतं.

आता मुद्द्याचं.

पहिली गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सॉलिड अॅक्सल आहे, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एक आडवा दणकट पाइप आणि त्यावर डिफरन्शियलचा गोळा. गाडीचा सर्वांत खाली लोंबणारा भाग म्हणजे हा गोळा, आणि तो स्प्रिंगच्या वर नसून खाली असतो. तुम्ही स्प्रिंग तीन इंच वाढवा नाहीतर तेरा, गोळा तिथेच राहतो. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी असेल तर तीन इंचांनंतरही तो २१०च. उचललं जातं ते पोट, बंपर, दारांखालचा पत्रा. त्याचा उपयोग नाही असं नाही. चढ संपून उतार सुरू होतो त्या टोकावर गाडी टेकते का, हे पोटाच्या उंचीवर ठरतं. पण ट्रॅक्टरच्या चाकोरीत मधला उंचवटा लागतो तो आधी गोळ्याला, आणि तिथे लिफ्ट शून्य कामाची.

गोळा उचलायचा एकच मार्ग, मोठं चाक. त्याचाही हिशोब बघा. जिम्नीचे मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास सुमारे ६९३ मिमी. दुकानदार आवडीने चढवतात ते २३५/७५ आर १५, व्यास सुमारे ७३३. फरक ४० मिमी, पण अॅक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे २० मिमी. या २० मिमीसाठी प्रत्येक चाक जड होतं, पिकअप मरतो, ब्रेकला जास्त काम पडतं, आणि स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४-८५ने धावत असते. घ्यायचं असेल तर घ्या, पण बिल वाचून घ्या.

दुसरी गोष्ट, स्पेसर. स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवलेली ठोकळ्यासारखी चकती. स्वस्त, अर्ध्या दिवसात बसते, म्हणून लोकप्रिय. पण शॉकअप तोच राहतो. शॉकअपची लांबी ठरलेली: काही अंतर दबायला, काही लांबायला. गाडी ७५ मिमी वर उचलली की शॉकअप उभ्या गाडीतच ७५ मिमी लांबून बसतो. मग खड्ड्यात चाक खाली सोडायला उरतं काय? चाक खाली पोचतच नाही, हवेत लटकतं. आणि हवेतलं चाक गाडी ओढत नाही. म्हणजे ज्या ऑफरोडिंगसाठी हा उपद्व्याप केला, त्यातच गाडी पहिल्यापेक्षा वाईट झाली! मी मामाच्या वाटेवर हे स्वतः पाहिलंय. मूळ गाडी जो तिरका खड्डा सहज ओलांडायची, तिथे माझी उंच गाडी एक मागचं चाक हवेत धरून कुत्र्यासारखी उभी. मामा बांधावरून बघत होते. त्यांची पाट्यांची जुनी पिकअप त्याच वाटेने रोज दूध नेते, कंपनीतून आली तश्शी. म्हणाले, "आरं, चाक कुठं टाकायचं ते बघ की. गाडी कशापायी उचलतो?"

तिसरी गोष्ट, डिपेंडन्सी. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एक लायब्ररी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं हलतं. जिम्नीचा पुढचा अॅक्सल दोन लांब आर्म्सनी चासीला बांधलेला आहे. चासी वर गेली की आर्म तिरके होतात आणि अख्खा अॅक्सल थोडा फिरतो. त्याने कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा कोन. (सायकलचा हात सोडला तरी ती सरळ जाते, त्यात पुढच्या चिमट्याच्या कलाचाही हात असतो, तेच हे.) तो गेला की हायवेवर गाडी भरकटते, स्टिअरिंग हाताने सरळ आणावं लागतं. अॅक्सलला आडवा धरणारा रॉडही तिरका होतो, त्यामुळे अॅक्सल एका बाजूला सरकतो. ब्रेकचे पाइप ताणले जातात. गाडी घसरताना सावरणारी ईएसपीची प्रणाली तर मूळ उंचीच्या गाडीवर जुळवलेली. मग कॅस्टरचे बुश घ्या, लांबी बदलता येणारा रॉड घ्या, लांब ब्रेक पाइप घ्या. एका बगचा फिक्स आणि त्यातून पाच नवे बग.

शेजाऱ्याच्या थारला पुढे सॉलिड अॅक्सल नाही, तिथे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. त्याला वाटलं, सुटलो. सुटला नाहीस बाबा. तिथे उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, बॉल जॉइंट टोकाला जाऊन काम करतात आणि अलाइनमेंट बिघडते. शिवाय शॉकअपच्या वर बसवलेला एक इंचाचा स्पेसर आर्मच्या तरफेमुळे चाकापाशी दीड-दोन इंच होतो. म्हणजे "फक्त दोन इंच" म्हणून जे बसवलं, ते प्रत्यक्षात किती हे टेप लावल्याशिवाय कळत नाही. टेप लावतो कोण?

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. गाडी उलटण्याचा सोपा ढोबळ हिशोब असा: दोन चाकांमधल्या रुंदीचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेतली रस्ता सुरक्षा संस्था उलटण्याच्या धोक्याचे तारे देताना हेच गुणोत्तर वापरते. जिम्नीची रुंदी चाकांच्या मधोमध धरली तर १४०० मिमीच्या आसपास. गुरुत्वमध्य हिशोबापुरता ६५० मिमीवर समजू. ७०० भागिले ६५० म्हणजे १.०८. तीन इंच उचलली की चाकं आणि अॅक्सल सोडून बाकी सगळं वर जातं, गुरुत्वमध्य साधारण ६५ मिमी वर. आता गुणोत्तर ०.९८. टपावर कॅरिअर आणि त्यावर सामान, की आणखी खाली. आकडा जेवढा लहान, तेवढ्या थोड्या धक्क्यात गाडी आडवी. अरुंद गाडीला हा फरक परवडत नाही. तेच ३५ मिमी लिफ्टला १.०३ येतात. तेही फुकट नाही, पण त्याला निदान लिफ्टची किंमत म्हणता येईल. तीन इंचांचा तो जुगार.

मोआबच्या खडकांवर चालणाऱ्या अमेरिकन जीपांचे व्हिडिओ मीही बघितलेत. तिथे खास त्या खडकांसाठी बांधलेली गाडी पावलाच्या वेगाने चढते. आपली गाडी सोमवारी ऑफिसला, बुधवारी भाजीला, शनिवारी भोरला. वर्षातले तीनशेहून जास्त दिवस ती डांबरावर असते, आणि डांबरावर ती उलटली तर मागे लेक बसलेली असते.

कायद्याचंही एकदा वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील आणि कंपनीने मुळात दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मधे सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्या रूपात आलं. त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. "कोण बघतंय" हे उत्तर चौकीवर चालेलही, पण अपघातानंतर विम्याचा माणूस नक्की बघतो. माझा छोटा बदलसुद्धा या प्रश्नातून सुटत नाही, म्हणून मी तो विमा कंपनीला लेखी कळवून ठेवला आहे. शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं कोण करतं?" तीन इंच करणाऱ्यांनी तर नक्कीच करावं.

मग लिफ्ट करूच नये का? तसं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की कुटुंबाच्या गाडीत लिफ्ट हा ओझ्याचा प्रश्न आहे, उंचीचा नाही. मी आधी जे करायला हवं होतं ते नंतर केलं. टेप घेतला. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजलं, आधी रिकाम्या गाडीत, मग आम्ही चौघं आणि सामान भरून. पुढे फरक फक्त १२ मिमी. मागे ४८! म्हणजे गाडी ठेंगणी नव्हती, मागून दबत होती. तीन इंचांचा उपाय ज्या रोगावर केला तो रोगच नव्हता.

मग वजन. माझ्या मॅन्युअल जिम्नीचं भरलेल्या गाडीचं कमाल वजन १५४५ किलो आणि रिकामी सुमारे ११९५. उरले ३५०. आम्ही चौघं मिळून २२९. तांदूळ ५०. दुकानातला लोखंडी बंपर आणि कॅरिअर मिळून ६५. पाणी, हत्यारं, बॅगा २०. बेरीज ३६४. झालं की! आईच्या माहेरचा तांदूळ बसेना, कारण त्याची जागा फोटोसाठी घेतलेल्या लोखंडाने खाल्ली होती. आणि लक्षात ठेवा, कडक स्प्रिंग घातल्याने हा ३५०चा आकडा वाढत नाही. तो ब्रेक, अॅक्सल, चासी सगळ्यांना धरून असतो.

तेव्हा सर्वांत स्वस्त लिफ्ट कोणती? टपावरचं ओझं उतरवणं. कॅरिअर आणि बंपर मी विकून टाकले.

त्यानंतर स्पेसर काढले आणि स्प्रिंग घेतल्या, नेहमीच्या वजनाचा आकडा सांगून. चांगले स्प्रिंगवाले हाच प्रश्न आधी विचारतात की कायम वजन किती असतं. जो आधी "किती इंच?" विचारतो त्याच्याकडून उठून यावं. रिकाम्या गाडीत पुढे ३०, मागे ३५ मिमी वाढ. त्याच लांबीला जुळणारे शॉकअप. मागचे स्प्रिंग थोडे कडक, त्यामुळे भरल्यावर ४८च्या जागी ३८ मिमी दबतात. म्हणजे भरलेली गाडी मागून जवळजवळ कंपनीच्या रिकाम्या उंचीला येते. मला हवं होतं ते बरोबर एवढंच. टायर मूळ मापाचेच, फक्त खरबरीत नक्षीचे. नंतर अलाइनमेंट करून कॅस्टरचा आकडा कागदावर मागून घेतला. आणि एक छोटा कॉम्प्रेसर. चिखल आला की हवा विसाच्या आसपास उतरवायची, हळू जायचं, डांबर लागलं की परत भरायची. या एका सवयीने जेवढी पकड मिळाली तेवढी कुठल्याच इंचांनी दिली नाही. आणि हो, मामांचा सल्ला. चाकोरीच्या आत न उतरता एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेवर. तो फुकट आहे.

"पण दिसायला भारी दिसते ना!" हा शेजाऱ्याचा शेवटचा मुद्दा. याच्याशी माझं भांडण नाही. दिसण्यासाठी करायची तर तसं म्हणा, स्वतःशी तरी. रिक्वायरमेंटमधे पहिल्या ओळीत लिहा: फोटो. मग तेवढंच करा आणि घरच्यांना दुसऱ्या गाडीने न्या. दिसण्याला गरजेचं नाव दिलं की पुढचा सगळा हिशोब खोटा होतो.

आता जे शेजाऱ्याला सांगितलं नाही ते. तीन इंचांच्या त्या महिन्यांत आईला गाडीत चढता येईना. उंची पाच फूट, त्यात गुडघे. मी डिकीत प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. फूटबोर्ड लावून पाहिला, तर तोच खाली लोंबायला लागला, म्हणजे पैसे देऊन घेतलेली उंची पैसे देऊन परत केली. एका लग्नाच्या हॉलबाहेर सगळ्यांसमोर स्टूल मांडलं, मी एका बाजूने, बायको दुसऱ्या बाजूने. आई बसली. काही बोलली नाही. पुढच्या वेळी भोरला निघालो तर म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझं काय आता तिकडे." दोन वेळा असं झालं. मी समजलो गुडघे दुखत असतील. घरी डॉक्टरांची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली. मूर्ख तो मूर्खच.

तिला माहेरी नेता यावं म्हणून गाडी घेतली, आणि त्या गाडीमुळेच तिचं माहेर तुटत होतं.

खाली आलेल्या गाडीचं पहिलं दार मी तिच्यासाठी उघडलं तेव्हा ती नेहमीच्या सवयीने स्टूल शोधत होती. नाही म्हटल्यावर तिने दाराची मूठ धरली, उजवा पाय टाकला आणि बसली. पदर आत ओढून घेतला आणि म्हणाली, "आता बरी केलीस."

शेजाऱ्याने अजून ठरवलेलं नाही. त्याचे वडील पुढच्या महिन्यात लातूरहून राहायला येतायत. मी त्याला एवढंच सांगितलं की दुकानात जायच्या आधी त्यांना एकदा गाडीत बसव, आणि तेव्हा टेप जवळ ठेव.